वेळापत्रकात दर १५ मिनिटांनी बस, थांब्यावर पाऊण तास: निवेदनात नेमकं काय मागायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वस्ती शहराच्या कडेला, थांबा मार्गाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. कागदावर गर्दीच्या वेळी दर १५ मिनिटांनी बस. प्रत्यक्षात कधी पाऊण तास एकही नाही, आणि मग एकीच्या मागे एक अशा दोन येतात. पहिली खच्चून भरलेली, दुसरी जवळजवळ रिकामी. तक्रार केली की उत्तर मिळतं, ‘आमच्या ९० टक्क्यांहून जास्त फेऱ्या वेळेवर आहेत.’ ज्यांना जमलं त्यांनी दुचाक्या घेतल्या. आता उरलेले रहिवासी निवेदन देणार आहेत आणि ‘बस वाढवा’ यापलीकडे त्यात काय लिहावं, हे तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं बसची वेळापत्रकं बांधली, पुढे नियंत्रण कक्षातही बसलो. त्या खुर्चीवरून सांगायचं तर ‘बस वाढवा’ ही मागणी सगळ्यात शेवटी ठेवा. आधी खरं वेळापत्रक मागा. का ते सांगतो. थोडा हिशेब करावा लागेल, पण हाच हिशेब बैठकीत तुमच्या कामाला येईल.

आधी त्या ९० टक्क्यांचं बघू. ते खोटं असेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी वक्तशीरपणा मोजतात तो बस पहिल्या टर्मिनसवरून निघते तेव्हा, फार तर मधल्या एकदोन ठिकाणी. त्यातही सवलत असते. ब्रिटनमध्ये १ मिनिट लवकर ते ५ मिनिटं ५९ सेकंद उशिरा एवढ्या टप्प्यात आलेली बस ‘वेळेवर’ धरतात. आणि रद्द झालेली फेरी काही ठिकाणी या टक्केवारीत येतच नाही, कारण जी बस निघालीच नाही तिला उशीर झाला असं कोण म्हणणार? तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा: मोजता कुठे, आणि रद्द फेऱ्या त्यात धरता का? बैठकीत यावर शांतता पसरली तर समजायचं की योग्य जागी बोट ठेवलंय.

आता वाट पाहण्याचा हिशेब. समजा तासाला ४ बस आहेत आणि नेमक्या १५ मिनिटांच्या अंतराने येतात. घड्याळ न बघता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. त्याच ४ बस जोडीने यायला लागल्या, म्हणजे एक अंतर २७ मिनिटांचं आणि पुढचं ३ मिनिटांचं, तर काय होतं? तासाला बस चारच राहिल्या. पण दर १० प्रवाशांतले ९ जण त्या २७ मिनिटांच्या रिकाम्या वेळात थांब्यावर येतात आणि सरासरी वाट १२ मिनिटांच्या वर जाते. गर्दीचंही तेच. दोन बसमध्ये मिळून ६० माणसं असतील तर पहिलीत ५४ आणि दुसरीत ६. अहवालात लिहिलं जातं ‘सरासरी ३० प्रवासी’, म्हणजे गर्दी नाहीच. आणि प्रवाशांना विचारलं तर दहातले नऊ जण सांगतात की उभं राहायला जागा नव्हती. दोघंही खरं बोलतात. एक जण बस मोजतोय, दुसरा माणसं.

एक फेरी रद्द झाली तर? अंतरं झाली १५, १५ आणि ३०. फेऱ्या २५ टक्क्यांनी घटल्या, पण सरासरी वाट साडेसातवरून सव्वाअकरा मिनिटांवर गेली, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढली. शिवाय त्या तासातले निम्मे प्रवासी ३० मिनिटांच्या अंतरात अडकले आणि पुढच्या एकाच बसवर दुप्पट माणसं आली. म्हणून ‘चारातली एकच तर रद्द झाली’ असं कोणी म्हणालं की हा हिशेब समोर ठेवा.

बस जोडीने का येतात, याचं लोकांचं आवडतं उत्तर म्हणजे ‘ड्रायव्हर लोक चहा पीत बसतात आणि मग एकत्र निघतात’. तसं कधी होतही असेल. पण एकाही चालकाने काही चूक केली नाही तरी जोड्या जमतातच. एखादी बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी नेहमीपेक्षा जास्त लोक जमलेले असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, त्यापुढच्या थांब्यावर आणखी जास्त लोक. तिच्या मागच्या बसला मात्र थांब्यावर कुणीच उरत नाही, म्हणून ती पटापट पुढे सरकत हिच्या मागे येऊन चिकटते. गॉर्डन नेवेल आणि रेनफ्री पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणितात मांडलं. मधे कुणी हस्तक्षेप केला नाही तर समान अंतर आपणहून टिकत नाही, ते बिघडतच जातं. आणि बिघाड मार्गाच्या शेवटाकडे वाढत जातो. तुमचा थांबा नेमका तिथे आहे.

पण तुमच्या थांब्यावर पाऊण तासाची पोकळी पडते ती फक्त जोड्यांमुळे पडत असेल असं मला वाटत नाही. माझा संशय दुसऱ्या गोष्टीवर आहे.

तुमच्या मार्गाचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून सोपे आकडे घेतो. जाऊन-येऊन फेरी कागदावर ६० मिनिटांची, बस ४, म्हणून अंतर १५ मिनिटं. हे ६० मिनिटं कधी ठरले? अनेकदा मार्ग सुरू झाला तेव्हा. त्यानंतर रस्त्यावर वाहनं वाढली, दोन सिग्नल आले, एक पूल रुंद करायला घेतला. आता फेरीला सरासरी ६६ मिनिटं लागतात, वाईट दिवशी ७०. कागद मात्र तोच. प्रत्येक फेरीला बस ६ मिनिटं मागे पडते. सकाळी ६ ला निघालेली गाडी ९ च्या सुमारास १८ मिनिटं मागे असते, म्हणजे एक अख्खं अंतर बुडालं, आणि तेही ऐन गर्दीत.

आता नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाने काय करावं? एक तर त्या बसची एक फेरी कापायची. नाहीतर तिला शेवटपर्यंत जाऊ न देता अलीकडच्या एखाद्या चौकातून परत वळवायची, म्हणजे उलट दिशेला ती पुन्हा वेळेवर येते. असे निर्णय मीही घेतले आहेत. त्या क्षणाला ते बरोबर असतात, कारण मधल्या थांब्यांवर ताटकळणारे लोक शेवटच्या टप्प्यातल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. पण हेच रोज व्हायला लागलं की शेवटच्या दोनतीन थांब्यांवरची माणसं कायमची हिशेबाबाहेर जातात. त्यांची बस ‘रद्द’ झालेली नसते, ती ‘वेळेवर सुटलेली’ही असते. ती फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही.

तुमच्याकडे हे होतंय का, ते तपासता येतं. पद्धत पुढे सांगतो.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. वेळापत्रक घट्ट असलं की सगळ्यात आधी टर्मिनसवरची मोकळीक जाते. ती पाचसहा मिनिटं बस उभी दिसते तेव्हा थांब्यावरच्या लोकांचा संताप होतो, ‘गाडी रिकामी उभी आहे, मग निघत का नाही?’ पण झालेला उशीर तिथेच जिरतो. चालकाला लघवीला जायला मिळतं तेही त्याच वेळात. ती मोकळीक संपली की दुपारी पाळी बदलताना काय होतं बघा. ज्या चालकाने बस ताब्यात घ्यायची तो समोरून येणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये बसून येतोय, ती बस अडकलीय. इकडे पहिल्या चालकाची ड्युटी संपलीय, नियमाने तो पुढे चालवू शकत नाही. बस प्रवाशांसकट उभी. आत बसलेल्यांना वाटतं गाडी बिघडली. एका बसचा उशीर असा दुसऱ्या बसच्या अंगावर जातो, कधी कधी दुसऱ्याच मार्गावर.

म्हणून म्हणतो, आधी खरं वेळापत्रक मागा. त्याच ४ बस, पण फेरी ७२ मिनिटांची धरली तर अंतर १८ मिनिटं होतं. वाईट दिवशीही ७० मिनिटांत फेरी होते, उशीर पुढच्या फेरीत जात नाही, परत वळवायची वेळ येत नाही. १८ मिनिटांचं अंतर नीट पाळलं तर सरासरी वाट ९ मिनिटं. कागदावरच्या १५ मिनिटांत तासाला एक फेरी बुडाली तर ती सव्वाअकरा होती. म्हणजे कागदावर सेवा कमी करून लोकांची वाट कमी होते. आणि अंतर १८ मिनिटांचं असेल तर बहुतेक लोक वेळ बघूनच घरातून निघतात. वेळ पाळली जातेय असा विश्वास बसला तर त्यांना ९ मिनिटंही थांबावं लागत नाही. हे रहिवाशांच्या बैठकीत पटवणं कठीण जाईल, याची तयारी ठेवा. ‘आपण आपणहून बस कमी करून घ्यायच्या?’ असा आवाज हमखास उठतो. त्यांना विचारा, आज १५ मिनिटांनी येतेय का?

आता वस्तीवर होणाऱ्या परिणामाबद्दल, कारण निवेदनात याला बहुतेक जण एक वाक्य देतात आणि त्याचं वजन याहून खूप जास्त आहे. बस उशिरा आल्याने जो वेळ जातो तो दिसतो. बस उशिरा येईल या भीतीने जो वेळ जातो तो कुठेच दिसत नाही. कामाची पाळी ८ वाजता सुरू होत असेल आणि महिन्यात दोनदा बस पाऊण तास येत नसेल, तर माणूस त्या दोन दिवसांसाठी उरलेले सगळे दिवसही पाऊण तास आधी निघतो. ज्या दिवशी बस वेळेवर येते त्या दिवशी तो कामाच्या दारात उभा राहून वेळ काढतो. बस कंपनीच्या नोंदीत तो दिवस ‘उत्तम’. त्याच्या घरी मात्र तेवढी झोप गेली, मुलाची शाळेची तयारी शेजाऱ्यांवर पडली. ज्यांची कामाची वेळ लवचीक आहे त्यांना हा प्रश्न सुटण्यासारखा असतो. पाळीवर काम करणारी परिचारिका, पहारेकरी, दुकानातला कामगार, सफाई कामगार यांना नाही. दोनदा उशीर झाला की पगार कापला जातो, तिसऱ्यांदा विचारणा होते. पुढे पुढे नोकरीच्या जाहिरातीतच ‘स्वतःचं वाहन हवं’ असं दिसायला लागतं आणि बसवर अवलंबून असलेला माणूस अर्जही करत नाही. संध्याकाळनंतरच्या बसचा भरवसा नसेल तर बायका आणि मुली संध्याकाळची पाळी, संध्याकाळचा वर्ग यांचा विचारच सोडतात. याची तक्रार कुठेही नोंदली जात नाही.

आणि दुचाकी घेऊन जे बाहेर पडले, त्यांच्याबरोबर वस्तीचा आवाजही गेला. ज्यांच्याकडे तक्रार करायला वेळ, ओळखी आणि भाषा असते तेच आधी जातात. प्रवासी कमी झाले की उत्पन्न घटतं, उत्पन्न घटलं की फेऱ्या कमी, फेऱ्या कमी की वाट जास्त, म्हणून प्रवासी आणखी कमी. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये याची चांगली बाजू दाखवली होती: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि त्याने आधीच्या प्रवाशांचीही वाट कमी होते. तेच चक्र उलटं फिरलं की तुमच्या वस्तीत दिसतंय ते होतं. ज्यांनी दुचाक्या घेतल्या त्यांनाही सहीसाठी विचारा. त्यांनी बस का सोडली, हे त्यांच्या तोंडून आलं तर कंपनीला ते गमावलेलं उत्पन्न म्हणून दिसतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांची उत्तरं मला इथून देता येणार नाहीत. चालकांची कमतरता असेल तर वेळापत्रक कितीही खरं केलं तरी सकाळी गाडी आगारातच उभी राहील. अशा वेळी रद्द फेऱ्या दिवसभर सुट्यासुट्या दिसतात आणि एखाद्या विशिष्ट तासाशी त्यांचा संबंध नसतो. दुसरं, कंत्राट कसं आहे. चालवणाऱ्याला किलोमीटरमागे पैसे मिळत असतील तर किलोमीटर भरणं एवढंच त्याचं ध्येय. दोन बस जोडीने धावल्या तरी किलोमीटर पूर्णच भरतात. लंडनमध्ये म्हणूनच तासाला ५ किंवा जास्त बस असलेल्या मार्गांवर घड्याळाची वेळ बघत नाहीत. वेळापत्रक पाळलं असतं तर जेवढं थांबावं लागलं असतं त्याहून प्रवाशाला सरासरी किती जास्त थांबावं लागलं, ते मोजतात आणि कंत्राटदाराचा बोनस किंवा कपात त्यावर ठरते. सिंगापूरने २०१४ पासून तसंच माप वापरायला सुरुवात केली. तुमची सेवा कंत्राटी असेल तर हा मुद्दा निवेदनात घालाच. आणि तिसरं, उशीर एकाच चौकात होत असेल तर बस कंपनी एकटी काही करू शकत नाही. तिथे बससाठी सिग्नलला प्राधान्य किंवा शंभरदोनशे मीटरची वेगळी मार्गिका लागते आणि ते रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे मागावं लागतं.

हे सगळं वेगळं करायचं तर नोंदी हव्यात. ‘नेहमी उशीर होतो’ या वाक्याने कुठलाच अधिकारी हलत नाही. लागोपाठ पाच कामाचे दिवस, सकाळचे तेच दोन तास, दोन जागा: तुमचा थांबा आणि बस जिथून परत वळवत असतील असा संशय आहे तो चौक. वहीत चार रकाने. बस आली ती वेळ, बसच्या अंगावर रंगवलेला गाडी क्रमांक, समोरची पाटी आणि चढायला जागा होती का. गाडी क्रमांक विसरू नका, सगळी गंमत त्यातच आहे. तुमच्याकडे येणारी गाडी चौकात ७:४० ला दिसली, तुमच्या थांब्यावर आलीच नाही आणि ७:५५ ला तीच गाडी उलट दिशेने परत जाताना दिसली, तर ती वळवली गेली. दिसलीच नाही तर फेरी रद्द. दोन्हीकडे दिसली पण मधे २० मिनिटं गेली तर रस्ता अडलाय. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि नोंदी नसतील तर तिघांनाही ‘वाहतूक कोंडी’ हेच उत्तर मिळेल. गाड्यांवर जीपीएस असेल तर कंपनीकडे हे सगळं आधीच आहे. तरी स्वतःची वही असू द्या. तुम्ही क्रमांकासकट बोलायला लागलात की समोरचा त्याची फाइल उघडतो.

मग निवेदनात मागा: फेरीचा वेळ आताच्या रस्त्यानुसार पुन्हा मोजा आणि टर्मिनसवर मोकळीक ठेवा. वक्तशीरपणा शेवटच्या टप्प्यातल्या थांब्यावर मोजा. रद्द आणि अर्ध्यातून वळवलेल्या फेऱ्यांची यादी कारणांसह दर महिन्याला जाहीर करा. सकाळच्या पाळीची पहिली बस आणि रात्रीची शेवटची बस कोणत्याही परिस्थितीत कापायची नाही आणि वळवायची नाही, राखीव गाडी असेल तर ती आधी या दोन फेऱ्यांना. वळवणं टाळताच येत नसेल तर लागोपाठ दोन बस तरी वळवू नका.

मोबाइलवर बस कुठे आहे ते दिसावं, अशी मागणी तरुण मंडळी करतीलच. करा. थांब्यावर उभं राहण्याचं एक मिनिट माणसाला बसमधल्या एका मिनिटापेक्षा बरंच लांब वाटतं आणि नियोजनातही ते साधारण दुप्पट धरतात. बस कधी येणार हे कळलं की तो त्रास कमी होतो. मात्र बरीच ॲप्स खरी बस दिसत नसेल तेव्हा वेळापत्रकातली बस दाखवत राहतात. रद्द फेरी पडद्यावर ‘२ मिनिटांत’ येते आणि मग गायब होते. रद्द फेरी ॲपमधूनही ताबडतोब काढली जाईल, ही अट बरोबर जोडा.

दोन गोष्टी मागू नका. चालक-वाहकांवर कारवाई मागू नका. उशिराबद्दल दंड लागला की चालक थांबे गाळतात, गाडी वेडीवाकडी हाकतात, वेळेआधी निघतात. १५ किंवा १८ मिनिटांच्या सेवेत वेळेआधी गेलेली बस उशिरा आलेल्या बसपेक्षा वाईट, कारण वेळेवर आलेल्या माणसालाच ती पूर्ण एक अंतर थांबायला लावते. आणि ‘आमच्या आतल्या गल्लीतूनही वळसा घालून न्या’ हे मागू नका. असा एक वळसा पाच मिनिटांचा धरला तरी वरच्या ७२ मिनिटांच्या हिशेबात बसत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने २०१५ मध्ये आपलं अख्खं जाळं नव्याने आखलं तेव्हा वळसे काढून मार्ग सरळ केले आणि फेऱ्या वाढवल्या. काही लोकांना थोडं जास्त चालावं लागलं. तुमच्या वस्तीत वृद्ध आणि अपंग प्रवासी किती आहेत यावर हे ठरवा, सरसकट नको.

निवेदन तक्रार खिडकीवर देऊन पोच घ्या, पण भेट मागा ती वेळापत्रक विभागातल्या माणसाची. बऱ्याचदा त्याला फेरीचा वेळ अपुरा आहे हे ठाऊक असतं आणि वरच्यांना दाखवायला बाहेरचा कागद हवाच असतो. आसपासच्या एकदोन मोठ्या मालकांचं, रुग्णालयाचं किंवा कारखान्याचं पत्र जोडता आलं तर उत्तम.

पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की इथेच टाका, गाडी क्रमांकांसकट. मार्गाची लांबी आणि त्यावर एकूण किती गाड्या फिरतात तेही कळलं तर लिहा. फेरीचा खरा वेळ किती धरायला हवा ते मी मांडून देतो.